पाथरवळ्यात मातीला गात नाहीत

ते गाण्यांचे कागद आधी पिशवीत घाला, दादा. छापलेत छान, तुमच्या आईचा फोटोही चांगला आलाय, पण पाथरवळ्याच्या कबरस्थानात ते वाटायचे नाहीत. त्या गिटारवाल्यालाही सांगा, गिटार गाडीतच राहू दे. पुण्याच्या मंडळीला वाईट वाटेल. वाटू दे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वस्तीची एवढी गावं आहेत, सगळीकडे मयताच्या मातीला गाणी म्हणतात, टाळ वाजवून म्हणतात. फक्त आमच्याकडे म्हणत नाहीत. चर्चमध्ये या, पाच-पाच कडवी म्हणा, पत्रे उडेपर्यंत म्हणा. पण या फाटकाच्या आत, माती पडून होईपर्यंत, तोंडातून सूर काढायचा नाही. नियम माझा नाही. शंभरावर वर्षं चालत आलाय.

मी सुंदराबाई मकासरे. फाटकाची किल्ली माझ्याकडे असते, गवत मी काढते, आणि खड्डा कुठं खणायचा तेही मीच दाखवते. तुमची आई इथली लेक. लग्न होऊन गेली ती पुण्याचीच झाली, पण शेवटी म्हणाली ना, मला पाथरवळ्यात न्या. हे न गाण्याचं तिनं तुम्हाला कधी सांगितलं नाही म्हणता? पुष्कळजण बाहेर सांगत नाहीत, ओशाळल्यासारखं होतं त्यांना. शववाहिका शिरूरलाच अडकलीय, तासभर तरी जाईल. बसा इथं कठड्यावर. तुम्हीही बसा ताई, साडीला काही होत नाही. ही विहीर दिसते ना, गोष्ट हिच्यापासूनच सुरू होते.

मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती, असं सांगतात. त्या दुष्काळात मिशनवाल्यांनी खडी फोडायची कामं काढली, लोकांच्या पोटाला घातलं, आणि आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बावीस घरं ख्रिस्ती झाली. लोक म्हणतात पोटासाठी झाली. झाली असतील काही. पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यात हे तरी बरं होतं. पण ख्रिस्ती झाली तरी गावची विहीर तीच राहिली आणि तिची शिवाशिवही तीच. आमच्या बायकांनी घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. ऐन चैत्रात दया लवकर येत नसे. डोक्यावर ऊन घेऊन अर्धा अर्धा दिवस बाया उभ्या राहायच्या, असं माझी सासू सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.

तेव्हा इथं आढाव पाळक होते. पाळक म्हणजे तुम्ही पास्टर म्हणता ते. माणूस काडीसारखा, पण जिद्दी. मिशनकडून हा तुकडा मिळाला तसे ते म्हणाले, आपली विहीर आपण खणू. नुसते म्हणाले नाहीत, कोट काढून झाडाच्या फांदीला अडकवला आणि पहिली कुदळ स्वतः मारली. बायका-पुरुष सगळे लागले. चार पुरुष खोल गेले तरी नुसता मुरूम. एकावर एक चार माणसं उभी राहतील एवढं ते खोल. मग खडक लागला, आणि उत्तरेच्या अंगाला खडकाचा एक थर पुढं आलेला, त्याच्याखाली जरा ओल दिसली.

त्या खड्ड्यात सगळ्यात खाली असायचा तो केरबा. केरबा मकासरे, माझ्या सासऱ्यांचा आजोबा. अंगानं आडमाप, स्वभावानं गरीब. 'हो' सोडून दुसरा शब्द त्याला येतच नव्हता म्हणे. पाटलानं बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, बापजाद्यांपासून तीच सवय. ख्रिस्ती झाल्यावर पाटलाच्या जागी पाळक आले, एवढाच काय तो फरक. पाळक काय म्हणतील ते केरबाला प्रमाण. त्याला एकच नाद होता, गाण्याचा. आवाज भारदस्त, पण ताल म्हणून नाही. सगळ्यांची ओळ संपली की याची संपायची. शेवटचा शब्द हा असा ओढत न्यायचा. लोक त्याला 'केरबाची शेपटी' म्हणायचे. पाळक दर रविवारी सांगायचे, "केरबा, मंडळीच्या बरोबर या." हा म्हणायचा, "हो पाळकसाहेब." आणि पुढच्या ओळीला पुन्हा मागं.

त्याची बायको सगुणा. ती ख्रिस्ती झाली नव्हती. नवऱ्यानं बाप्तिस्म्याला नाव दिलं तेव्हा तिलाही पाळकांनी विचारलं होतं. ती म्हणाली, माझी आई एकटी आहे, मी बाटले तर ती माझ्या हातचं पाणी पिणार नाही, मग तिला पाणी कोण देईल? तेव्हापासून प्रार्थनेच्या वेळी सगुणा उंबऱ्याबाहेर बसायची, नवरा बाहेर येईपर्यंत निवडायचं-टिपायचं काम घेऊन. आत बाया गाणी शिकायच्या, हिला एकही आलं नाही. तिनं शिकूनही घेतलं नाही. तोंडानं फटकळ होती. आमच्या घरात अजून एखादी सून फटकळ निघाली की म्हणतात, सगुणाबाई आली. मलाही म्हणतात.

तर एका गुरुवारी दुपारी केरबा त्या खडकाच्या थराखाली बसून ओलीचा माग काढत पोखरत होता. वर दौलत नावाचा त्याचा जोडीदार दोरावर. दौलतनं टोपली वर ओढली, ओतली, वळून बघतो तर एका अंगाचा सगळा मुरूम खाली बसलेला. आवाजही फार मोठा झाला नाही म्हणे. धान्याचं पोतं ओतावं तसा झाला. खड्डा अर्ध्यावर आला आणि केरबा दिसेना.

सगळी वस्ती धावली. हाका मारल्या, उत्तर नाही. मग फावडी, घमेली, हात, ज्याला जे मिळालं ते घेऊन खाली उतरले. कमरेएवढी माती उपसली की वरून तेवढीच खाली यायची. अंधार पडला तसं काम थांबवावं लागलं. शुक्रवारी उजाडताच पुन्हा लागले, आणि सकाळीच दुसरी कड ढासळली. त्यात दौलतचा हात मोडला. पाळक स्वतः गळ्यापर्यंत गाडले गेले, त्यांना दोघांनी ओढून काढलं. वरच्या बांधावर गावातले लोक येऊन बसले होते. ते आपसात, पण ऐकू जाईल असं बोलत होते. नारळ फोडला नाही, कोंबडं दिलं नाही, जमीन तोंड उघडणारच. एक गेला, अजून दोन नेईल.

आता आढाव पाळकांचं मी वाईट सांगणार नाही. ते कबरीत आहेत, त्या लिंबाखाली, आणि माणूस चांगला होता. पण तेही पेचात होते. खाली माणूस, चोवीस तास झाले, हाकेला ओ नाही. वर उरलेल्या बाप्यांची बायका-पोरं. एकेकाला ते खाली उतरवत होते आणि प्रत्येक वेळी त्याच्या बायकोचं तोंड बघत होते. बांधावरचे लोक वाट बघतायत, हे ख्रिस्ती आता कधी रडतात, कधी पळतात, कधी कोंबडं घेऊन येतात. दुपारी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, बस. केरबा प्रभूकडे गेला. अजून कुणाला मी खाली सोडणार नाही. हाच खड्डा त्याची कबर. इथंच त्याला माती देऊ.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, ती आपल्याच लोकांकडून होऊ शकते. बाया छाती बडवायला लागल्या होत्या. पाळकांनी त्यांना गप्प केलं. म्हणाले, आपल्यात मयताला ऊर बडवत नाहीत, आपण गातो. बांधावरच्यांना दिसू दे आपण कसे निरोप देतो ते. म्हणजे भक्ती होती, खोटं नाही, पण चार लोकांना दाखवायचंही होतं. सगुणा तर मातीवर लोळत होती. तिला दोघींनी धरून उठवलं, तोंडाला पदर लावला, म्हणाल्या, सगुणा, रडू नको ग, पाळक गाणं घेतायत. तिचा रडायचा हक्कसुद्धा त्या दिवशी काढून घेतला. म्हणून ती गप्प बसली. गाणं येत नाही, रडायचं नाही, मग माणूस करणार काय? नुसतं ऐकणार.

खाली काय चाललं होतं ते केरबानं पुढं स्वतः सांगितलंय, तेच सांगते. मुरूम आला तेव्हा तो खडकाच्या थराखाली होता, म्हणून चिरडला नाही. डोक्याला दगड लागून शुद्ध गेली. जाग आली तेव्हा काळोख. डावा पाय धोंड्याखाली. उभं राहता येईना एवढीच जागा, पाठ खडकाला, गुडघा छातीला. तोंडासमोर हात नेला तर माती. मोठ्या धोंड्यांच्या फटीतून कुठूनतरी जरा वारा येत होता, तेवढ्यावर श्वास. किती वेळ झाला कळायला मार्ग नाही. तहानेनं जीभ टाळूला चिकटलेली. हाताशी पहार होती, ती घेऊन त्यानं खडकावर ठोकायला सुरुवात केली. वर फावडी चालली होती, आरडाओरडा होता, त्यात त्याचं ठोकणं कुणाला ऐकू जाणार? तरी तो ठोकत राहिला. हात सोलून निघाले.

मग वरचा आवाज थांबला. केरबाला वाटलं, ऐकलं यांनी. जीवात जीव आला त्याच्या. पहार उचलली, आता जोरानं मारायची म्हणून, आणि पाळकांचा आवाज आला. दगडांच्या फटीतून अगदी स्वच्छ. "आपला बंधू केरबा आज आपल्यातून गेला आहे." ताई, हे ऐकणाऱ्याचं काय झालं असेल हो? जिवंत माणूस, गुडघ्यात डोकं घालून बसलेला, आणि डोक्यावर त्याचंच मयत चाललंय. त्याचं नाव घेऊन प्रार्थना चाललीय. त्यानं ओरडायला पाहिजे होतं. कुणीही ओरडला असता. त्यानं काय केलं माहीत आहे? हातातली पहार खाली ठेवली.

पाळक म्हणाले गेला, म्हणजे गेला. जन्मभर त्यानं कुणाचा शब्द मोडला नव्हता.

मग वर गाणं सुरू झालं. मातीचं गाणं आढाव पाळकांनीच रचलेलं होतं. फार काही नाही, साधंच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ, 'दार उघड, बापा, आलो मी घरी.' बावीस घरं एका सुरात म्हणत होती. आणि खाली केरबा, ज्याचं ते मयत, तोही त्यांच्याबरोबर गायला लागला. गाणं तोंडपाठ होतं. नाद होता. एकटं वाटत होतं म्हणून असेल, नाहीतर वाटलं असेल, शेवटचंच आहे तर मंडळीबरोबर म्हणावं. आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळून गेला. ठोकत राहिला असता तर गाण्याच्या मधे कुणाला तरी वेगळं ऐकू आलं असतं. गाण्यात गाणं कुणाला ऐकू येणार?

पहिलं कडवं संपलं. सगुणाला वाटलं, 'घरी' हा शब्द अजून कुठंतरी चाललाय. तिनं इकडं तिकडं बघितलं. सगळ्यांची तोंडं मिटलेली. दुसरं कडवं संपलं, पुन्हा तसंच. सगळे थांबले आणि शेपूट मागं राहिलं. तिला गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते ओढणं तिच्या घरातलं होतं. उंबऱ्याबाहेर बसून दर रविवारी तिनं ऐकलेलं. ती उठली आणि म्हणाली, "थांबा. तो गातोय."

कोण थांबतंय? बायांनी तिला खाली ओढलं. "सगुणा, उगी ग. भास होतो असा." ती म्हणाली, "भास नाही. गाणं बंद करा, मला ऐकू द्या." तिसरं कडवं चालू झालं. ती हिसडा मारून सुटली आणि मातीवर पालथी पडून कान लावला. बांधावरचे लोक उभे राहून बघायला लागले, बघा, हिला लागीर झालं. पाळकांना वाटलं, आता तमाशा होणार. म्हणून त्यांनी मंडळीला खूण केली, मोठ्यानं म्हणा. आणि बावीस घरं छाती फोडून गायला लागली. त्या बाईला काहीच ऐकू येईना. नवरा खाली, आणि वर देवाच्या नावानं एवढा गलका. ती ओरडत होती आणि तिचं ओरडणंही त्या गाण्यात बुडत होतं. दोघंही कोंडलेली, तो खाली आणि ही वर.

मग ती उठली. मातीनं भरलेले हात तसेच, आणि सरळ पाळकांपुढं जाऊन उभी राहिली. पाळकांनी ओळ उचलली होती, 'दार उघड, बापा,' आणि तिनं तळहात त्यांच्या तोंडावर दाबला. दाबूनच धरला. पाळकांच्या तोंडात माती गेली, असं सांगतात.

त्या काळी बाईनं पाळकाच्या अंगाला हात लावणं म्हणजे काय, तुम्हाला कळायचं नाही. मंडळी जागच्या जागी गप्प झाली. टाळ थांबले. बांधावरचेही गप्प. ओळ अर्धीच राहिली होती. आणि त्या गप्प झालेल्या जागेत, जमिनीतून, उरलेली अर्धी ओळ आली. एकट्याची. तालाच्या मागं, रखडत. "आलो मी घरी."

दौलतला रडू फुटलं म्हणे. मोडलेला हात गळ्यात घेऊन तो लहान लेकरासारखा रडला. पाळक तोंडातली माती न थुंकताच खड्ड्यात उतरले. पण सगुणानं सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, आधी ऐका, मग खणा. कुठून येतोय ते बघा. तेव्हा कळलं की सगळे इतका वेळ भलतीकडे, मधोमध टोपली सुटायची तिथं खणत होते. आवाज उत्तरेच्या खडकापाशी होता. मग दहा फावडी मारायची, थांबायचं, हाक मारायची, त्याची ओ ऐकायची, पुन्हा दहा फावडी. बांधावरचा एकजण, सुतार होता म्हणे, गेला आणि आपल्या बैलगाडीच्या फळ्या काढून घेऊन आला. त्या दिवशी त्यानं शिवाशिव बघितली नाही. फळ्यांनी कड धरली म्हणून माती थांबली. शनिवारी दुपारी केरबाला बाहेर काढलं. डावा पाय गुडघ्याखाली कामातून गेला होता.

शुद्धीवर आला तसे पाळक त्याच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "केरबा, मला क्षमा करा. मी तुम्हाला जिवंतपणी माती दिली." तर हा काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुमचं काय चुकलं, पाळकसाहेब? तुम्ही म्हणालात गेला. म्हटलं, गेलो असेन."

पाळक ढसाढसा रडले. पण सगुणा रडली नाही, ती पेटली. त्याला पाणी पाजत होती, तांब्या खाली आपटला. "दुसऱ्यानं मेला म्हटलं म्हणून मरतात होय? तुला हाक मारता येत नव्हती? माझं नाव येत नव्हतं तुला?" महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. पाय शेकायची, भरवायची, पाठीला तेल लावायची, पण शब्द नाही. राग पाळकांवर नव्हता तिचा. याच्यावर होता, की यानं पहार खाली ठेवली. तो राग तिचा जन्मात गेला नाही, आणि प्रेमही गेलं नाही. दोन्ही एकाच ताटात वाढायची.

विहीर पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी पुरी केली, पाणी लागलं. केरबा मात्र त्यानंतर कधी छपराखाली झोपला नाही. पाऊस आला तरी ओसरीच्या कडेला, पाय उघड्यावर. दार लावलं की त्याला धाप लागायची. प्रार्थनेच्या खोलीतही तो आत येईना. सगुणाशेजारी उंबऱ्याबाहेर बसायचा आणि तिथूनच गायचा. लोक म्हणायचे, केरबा वर आला खरा, पण पुरता आला नाही.

काही वर्षांनी सगुणाची आई वारली. तेव्हा सगुणा आपणहून पाळकांकडे गेली. म्हणाली, आता मला बाप्तिस्मा द्या, पण एक कबूल करा. पाथरवळ्यात मातीला गायचं नाही. माझ्या नाही आणि कुणाच्याच नाही. पाळक म्हणाले, गाणं ही तर आपली आशा आहे, सगुणाबाई. ती म्हणाली, "असेल. त्या दिवशी मला गाणं येत असतं तर मीही गात बसले असते." पाळकांनी पुढं वाद घातला नाही. मिशनच्या वरच्या साहेबाचं पत्र आलं, हे काय नवीन काढलंत म्हणून. पाळकांनी ते वाचून खिशात ठेवलं.

मग मानमोडीची साथ आली. घरटी एक माणूस तापानं जात होतं. त्यात सगुणा गेली, तिसऱ्या दिवशीच. त्या दिवशी या आवारात चार खड्डे खणले होते. लोक नाकाला फडकी बांधून, एक मयत टाकून दुसरं आणायला धावत होते. केरबाला पायामुळं बाजेवर घालून आणलं. सगुणाला चादरीत गुंडाळून खाली ठेवली. आढाव पाळक आता म्हातारे झाले होते, त्यांनी दोन शब्द प्रार्थना केली आणि मूठभर माती उचलली. गाणं नव्हतंच.

केरबा म्हणाला, "मला खाली सोडा."

लोकांना वाटलं, बाजेवरून खाली. तो म्हणाला, नाही, आत. जो माणूस पंधरा वर्षांत बंद खोलीत पाऊल टाकू शकला नव्हता, तो खड्ड्यात उतरायला निघाला. दोघांनी काखेत धरून सोडला. लंगडा पाय दुमडत नव्हता, तो लांब करून, अंग चोरून तिच्याशेजारी टेकला. चारी बाजूंनी माती. त्याला धाप लागली, सगळ्यांना वरून ऐकू येत होती. त्यानं चादर तिच्या तोंडावरून बाजूला केली, आणि कान तिच्या तोंडाशी नेऊन बसला. हळूहळू धापही बसली.

वर सगळे खोळंबले. ऊन कलायला लागलं. दोन मयतं अजून वाट बघत होती. शेवटी पाळक वाकून म्हणाले, "केरबा, वर या आता. ती गेली."

केरबानं मान वर केली नाही. म्हणाला, "थांबा, पाळकसाहेब. माझं ऐकून झालं नाही."

उभ्या आयुष्यात त्यानं पाळकांचा मोडलेला तो पहिला शब्द. आढाव पाळकांनी हातातली माती हळूच खाली टाकली आणि ते ढिगाऱ्यावर बसले. बाकीचेही बसले. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. मग केरबानं स्वतःच चादर नीट केली आणि वर हात दिला.

आजही पाथरवळ्यात असंच चालतं. मयताचं जवळचं माणूस खड्ड्यात उतरतं. हल्ली शवपेटी असते, मग झाकणाला कान लावतात. कुणी पाच मिनिटं बसतं, कुणी तासभर. वरून कुणी हाक मारत नाही, पाळकसुद्धा नाही. ते आपणहून वर येईल तेव्हाच माती. तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमची आई उतरली होती. मी होते तेव्हा. लग्नातली हिरवी साडी होती अंगावर, दुसरी धड नव्हती म्हणून. दुपार सगळी आत बसली होती, आणि आम्ही उभे होतो.

ती बघा, गाडी वळली फाट्यावरून. थोरले तुम्हीच ना, दादा? बूट काढून ठेवा मग. उजव्या हाताला मी पाय ठेवायला पायरी खणून घेतलीय. आत गेल्यावर आमच्याकडे बघू नका, आणि घाई करू नका.